परमुलखातील मंडळे आणि अध्यक्षाची खुर्ची

आमच्या तालुक्यातील एका गावी देवळाच्या सभामंडपात संगमरवराची एक पाटी बसविलेली आहे. जीर्णोद्धार समितीच्या अध्यक्षापासून सभासदांपर्यंत अकरा नावे तीवर कोरलेली आहेत आणि प्रत्येक नावापुढे एकेका शहराचे नाव आहे : कोइमतूर, सेलम, त्रिचूर, कानपूर, हैदराबाद. परका मनुष्य ती वाचील तर हे देऊळ कोणा यात्रेकरूंनी बांधले असावे अशी त्याची समजूत होईल. आम्हांस त्यात नवल वाटत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि कवठे महांकाळ या पट्ट्यातील घराघरांतला एखादा तरी मुलगा गलाईच्या धंद्यासाठी देशोधडीला लागलेला आहे. आणि हा शब्द आम्ही दुःखाने वापरीत नाही, कारण त्यातील पुष्कळजण चांगले सुखी झाले.

गलाई म्हणजे काय हे येथील श्रोत्यांस सांगण्याची गरज नाही; पण हे पुस्तक पुण्या-मुंबईकडेही जाईल म्हणून दोन शब्द लिहितो. सोनाराकडे मोडीला आलेला दागिना शुद्ध नसतो. तो मुशीत आटवायचा, त्यात चांदी मिसळून तो नायट्रिक ॲसिडात शिजवायचा, म्हणजे चांदी व तांबे ॲसिडात उतरते आणि सोने तळाशी राहते. पुढे त्या ॲसिडात तांब्याच्या पट्ट्या घातल्या की चांदीही परत मिळते. अंधाऱ्या गल्लीतील दहा बाय दहाची खोली, भट्टीची धग आणि छातीत जाणारा पिवळा धूर एवढ्या भांडवलावर माणदेशाच्या कडेच्या दुष्काळी पोरांनी हिंदुस्थानातील सराफ बाजार गाठले. पाऊस दगा देई, पण मोडीचे सोने दगा देत नसे. कमाई झाली की पहिले लक्ष गावाकडे : देवळाचा कळस, शाळेची खोली, तालमीचे छप्पर. आमच्या भागातील कितीतरी वास्तू या धुरातून उभ्या राहिल्या आहेत.

ही पाटी आम्ही अनेक वेळा पाहिली होती, पण ती नीट वाचली ती तीन वर्षांपूर्वी. त्या गावचा एक गवंडी सकाळीच आमच्या युनियनच्या कचेरीत आला. सभामंडपाच्या गिलाव्याचे आणि फरशीचे काम त्याने अकरा महिन्यांपूर्वी पुरे केले होते. शेवटचा हप्ता मिळाला नव्हता. त्याच्या हाताखालच्या चार बायांची मजुरी त्याने व्याजाने पैसे काढून भागविली होती. आम्हांस वाटले, समितीकडे पैसे नसतील. गवंडी म्हणाला, "आण्णा, पैसं बँकेत हायती, पर सही न्हाई." चेकवर सही करणारे दोघे, अध्यक्ष आणि खजिनदार. एक तामीळ मुलखात, दुसरे उत्तर हिंदुस्थानात. दोघेही सज्जन, दोघांनीही पदरचे लाखो रुपये घातलेले. दोघे एकदम गावी येणार ते जत्रेला. मागच्या जत्रेला एक आले, तर दुसऱ्यांच्या घरी आजारपण निघाले.

आम्ही फोन केले, पत्रे लिहिली, मजुरी मिळाली. पण ती गोष्ट मनातून जाईना. घर सोडून गेलेल्या माणसांनी एक संस्था काढली, तर तिच्या खुर्चीवर कोणी बसावे? ज्याने अधिक दिले त्याने, ज्याचे नाव मोठे त्याने, की ज्याला रोज तिच्या दारात उभे राहावे लागते त्याने? आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा युनियनच्या कपाटातील पुस्तकांची. त्या कपाटातच याची उत्तरे शोधू लागलो, तेव्हा दिसले की हा प्रश्न आमच्या चळवळीच्या जन्माइतकाच जुना आहे.

घाटावरच्या आणि कोकणातल्या माणसाचा पहिला परमुलूख म्हणजे मुंबई. गिरणगावात एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यायची, पाळीपाळीने तीत झोपायचे, भिंतीला टाळ-मृदंग टांगायचे, महिन्याची वर्गणी काढायची आणि गावच्या देवळाला, शाळेला पैसे धाडायचे, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. ती गावकीच होती, फक्त ती चाळीत भरत असे. तिचा प्रमुख बहुधा कोण? ज्याच्या शब्दाने गिरणीत नोकरी लागते तो जॉबर. त्याच्या विरुद्ध हिशोब विचारणे म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणे. परमुलखातील संस्थेचा हा पहिला रोग : जो आधार देतो त्याला जाब विचारता येत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे नेला, आणि १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमविले. त्या सभेत दोन कामगार बायांनी भाषणे केली. जून महिन्यात आठवड्याची सुट्टी मंजूर झाली. आज आपण रविवारी घरी बसतो ते त्या सभेचे देणे आहे. असे असूनही त्यांच्या मिल हँड्स असोसिएशनबद्दल त्याच काळातील एका सरकारी अहवालात शेरा आहे की तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही आणि नियमही नाहीत. तरुणपणी हे वाचून आम्हांस संताप आला होता. गोऱ्या अधिकाऱ्याला लोखंडे काय कळणार! आता वाटते, शेरा कुत्सित असेल, पण खोटा नव्हता. लोखंडे स्वतःच ती संस्था होते. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता ते गेले, आणि त्यांच्या मागे ती खुर्ची पुढे चालवील असे मंडळ उरले नाही.

एकतीस वर्षांनी, १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. त्या संपात गिरणी कामगार युनियन जन्मास आली. तिचे सरचिटणीस श्रीपाद अमृत डांगे यांचे नाव सर्वांस माहीत. पण अध्यक्ष कोण होते हे आम्ही कामगारांच्या वर्गात विचारतो तेव्हा क्वचितच हात वर होतो. अध्यक्ष होते अर्जुन आत्माराम आळवे, स्वतः गिरणीत काम केलेले. युनियनने गिरणीगणिक कमिट्या उभ्या केल्या, वर्गणी तेथे जमू लागली, तक्रार तेथे नोंदली जाऊ लागली. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी धरपकड झाली तेव्हा डांग्यांबरोबर आळवेही पकडले गेले. म्हणजे सरकारने दोघांनाही सारखेच मानले! त्या कमिट्यांतही भांडणे झाली आणि पुढे पडझडही झाली. आम्ही त्यांची आरती ओवाळीत नाही. पण सभासद कोण, पैसा किती, निर्णय कोणाचा या तीन गोष्टी कागदावर आल्या.

याच सुमारास एक कायदा झाला होता. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या २२ व्या कलमात असे घातले होते की युनियनच्या पदाधिकाऱ्यांपैकी निदान निम्मे त्या धंद्यात प्रत्यक्ष काम करणारे असले पाहिजेत. २००१ च्या दुरुस्तीने बाहेरच्यांची संख्या आणखी खाली आणली : एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जे कमी असेल ते. या कलमामागे सरकारचा हेतू काही शुद्ध नव्हता. वकील आणि पुढारी दूर राहिले तर युनियन दुबळी राहील असाही हिशोब त्यात होता. बाहेरच्या माणसांवाचून कामगार चळवळ उभी राहिली नसती, हेही खरे. परंतु भट्टीजवळ उभा असलेल्या माणसाशिवाय भट्टीचे मंडळ नको, हे तत्त्व आम्हांस पटते, मग ते कोणाच्याही हातून कायद्यात गेलेले असो. गंमत अशी की आमच्या देवळांना, शाळांना लागू होणारा १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, त्याचेही २२ वे कलम खुर्चीविषयीच आहे. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा, असे ते सांगते. पण विश्वस्त कोठे राहणारा असावा याविषयी हे कलम मुके आहे.

आता मुंबईच्याही पलीकडे पाहू. १९३२ साली लंडनला महाराष्ट्र मंडळ निघाले. त्याचे जनक नरसिंह चिंतामण केळकर. ते तिसऱ्या गोलमेज परिषदेच्या निमित्ताने तेथे होते. केळकरांचा जन्म मोडनिंबचा, म्हणजे आमच्याच मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी या आगगाडीच्या वाटेवरचा; आणि वकिलीचा आरंभ साताऱ्यास. केसरीचे संपादक, पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष, १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अशी अनेक अध्यक्षपदे त्यांनी भूषविली होती. तात्यासाहेबांच्या राजकारणाशी आमचे काडीचे जमत नाही. तरी एका गोष्टीला दाद द्यावी लागते. मंडळ स्थापून ते परत आले. लंडनची खुर्ची लंडनमध्ये राहणाऱ्यांकडे राहिली. संस्थापकाने लांबून सही करीत बसायचे ठरविले असते तर ते मंडळ दुसरे महायुद्ध पाहायला उरले असते की नाही याची शंका आहे. आज डॉलिस हिल भागात त्याची स्वतःची वास्तू आहे. विलायतेतील धर्मादाय संस्थांचे हिशोब तेथील धर्मादाय आयोगाकडे जातात आणि कोणाही नागरिकास ते पाहता येतात. आमच्याकडे धर्मादाय आयुक्तांची कचेरी आहेच. पण आमच्या गवंड्याने तेथे जाऊन हिशोब पाहावा, हे त्याच्या स्वप्नातही येत नाही.

अमेरिकेची हकीकत याहून शिकण्यासारखी आहे. १९६५ साली तेथील कायदा बदलला आणि शिकलेल्या आशियाई माणसास वाट मिळाली. डॉक्टर, एंजिनियर गेले, गणपती बसविले, दिवाळीला नाटके केली. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ चे. पुढे गावोगावच्या मंडळांना एका माळेत ओवावे या खटपटीतून विष्णु वैद्य यांच्या पुढाकाराने १९८१ साली उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. ही मंडळांची संघटना. गिरणगावच्या भाषेत सांगायचे तर गिरणी कमिट्या आधी झाल्या आणि युनियन मागाहून. तिची बैठक त्यामुळेच पक्की झाली असे आमचे मत आहे. कार्यकारिणीची मुदत ठरलेली. अधिवेशन साधारण दर दोन वर्षांनी, आणि तेही दर वेळी निराळ्या शहरात. अधिवेशनाचा भार त्या त्या शहरातील स्वयंसेवक उचलतात, त्यांचा संयोजक निराळा असतो. २०१९ साली डॅलस, २०२४ साली सॅन होझे. मधले २०२१ चे अधिवेशन महामारीमुळे लांबले आणि २०२२ साली अटलांटिक सिटीला झाले. मुलांना मराठी शिकविणाऱ्या शाळा या मंडळाच्या छत्राखाली चालतात आणि त्यांच्या परीक्षांसाठी भारती विद्यापीठाचा हात धरलेला आहे. पतंगराव कदमांनी १९६४ साली काढलेली ही संस्था. आणि पतंगराव आमच्याच सांगली जिल्ह्यातील सोनसळचे. दुष्काळी भागातून निघालेली वाट कोठवर जाते पाहा.

खुर्ची फिरती ठेवली म्हणजे सर्व साधले, असे मात्र कोणी समजू नये. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार मोडून फुकट काम करणारे लोक दर वेळी नवे शोधावे लागतात. जुना माणूस कागदपत्रे घेऊन जातो आणि नव्याला पहिल्यापासून शिकावे लागते. शिवाय अशा संस्थांत विमानाचे तिकीट आणि अधिवेशनाचे शुल्क परवडणाराच पुढे येतो. तेथे हॉटेलात भांडी घासणारा मराठी मुलगा कार्यकारिणीत कधी दिसेल काय? आमच्या युनियनमध्येही हाच अनुभव आहे. कायम कामगार पदाधिकारी होतो. कंत्राटी कामगार मागच्या रांगेत उभा राहतो, कारण सभेला यायचे तर त्याचा खाडा पडतो. वर्गणी सर्वांची सारखी, फुरसत मात्र सारखी नाही.

खुर्ची कोणाची हे वेळेवर ठरले नाही तर काय होते याचा दाखला लेबनॉनचा आहे. भूमध्य समुद्राच्या काठचा हा देश आमच्या सांगली नि सातारा या दोन जिल्ह्यांच्या बेरजेहूनही लहान. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रेशमाचा धंदा खालावला, डोंगरातील माणसे बोटीत बसून ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका, पश्चिम आफ्रिका येथे गेली. फेरीवाल्याची पेटी पाठीवर घेऊन सुरुवात, पुढे दुकान, पुढे पेढी. आमच्या गलाईवाल्यांची आठवण व्हावी अशीच कथा. १९६० साली बैरूतमध्ये या जगभरच्या लेबनीज लोकांची एक जागतिक संघटना सरकारच्या आश्रयाने स्थापन झाली. देशोदेशी शाखा, वर अध्यक्ष आणि मंडळ. १९७५ ते १९९० या वर्षांत त्या देशात यादवी झाली आणि घरची फूट परदेशातील संघटनेतही शिरली. पुढे तिच्या नावावर एकाहून अधिक गट हक्क सांगू लागले. प्रत्येकाचा अध्यक्ष निराळा, प्रत्येकाचे मंडळ खरे. सरकारचा आश्रय हीच तिची ताकद होती आणि तोच कच्चा दुवा ठरला, असे आम्हांस वाटते. कारण मायदेशातील कोणता पक्ष तुम्हांस मानतो यावर खुर्ची ठरू लागली की वर्गणीदाराच्या हाताला किंमत राहत नाही. २०१८ च्या निवडणुकीत परदेशातील लेबनीज नागरिकांना प्रथमच तेथल्या तेथे मत देता आले. गेलेल्या माणसाला गावच्या कारभारात किती हक्क द्यावा, हा वाद तेथे आजही संपलेला नाही.

आणि तोच वाद आमच्या देवळाच्या पाटीपाशी आहे. आम्ही गवंड्याची बाजू घेतली म्हणून गलाईवाल्यांचे मन दुखावले, याचा आम्हांस खेद आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. ते म्हणतात, आम्ही छाती जाळून पैसे आणले, तुम्ही गावात बसून काय केले? गावात राहिलेला म्हणतो, तुम्ही पैसे पाठविलेत, पण दुष्काळात म्हातारी माणसे कोणी सांभाळली, देवळाचा दिवा कोणी लावला? १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली त्यांची मुले हे बोलतात तेव्हा त्यांना गप्प करणे सोपे नाही. एकेकाळी गावात राहणे म्हणजे हरणे होते. आता म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी या भागात चढले आहे, द्राक्षाचे मांडव उभे आहेत, आणि गावात राहणाराही मान मागतो. उलट गलाईवाल्यांच्या पुढच्या पिढीस भट्टीत उतरावेसे वाटत नाही. तिचे मराठी तामीळ वळणाचे झाले आहे. तिला गावच्या समितीत जागा ठेवली नाही तर उद्या ती जत्रेलाही येणार नाही.

गेल्या वर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी त्या देवळात सभा झाली. आम्हांस बोलावले होते. दोन तास खडाजंगी झाली. शेवटी असे ठरले की सभासद अकराच राहावेत; सहा बाहेरगावचे, पाच गावात राहणारे; अध्यक्ष बाहेरचा असला तर खजिनदार गावचा; चेकवरील दोन सह्यांपैकी एक गावात राहणाऱ्याची असलीच पाहिजे; आणि दर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी हिशोब मोठ्याने वाचावा. एका बाईने विचारले, गावच्या पाचांत बाई का नाही? फरशीवर पाणी तर आम्हीच मारले. तो ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. १८९० साली महालक्ष्मीला दोन बाया बोलल्या होत्या हे आम्ही तेथे सांगितले. लोकांनी टाळ्या वाजविल्या आणि ठराव तरीही ढकललाच.

मग नव्या खजिनदाराने उभे राहून हिशोब वाचावयास घेतला. सिमेंट, वाळू, फरशी, मजुरी. कोपऱ्यात सेलमहून आलेले एक वृद्ध गलाईवाले बसले होते. धुराने त्यांचा आवाज बसलेला. चाळीस वर्षे त्यांनी वर्गणी पाठविली होती आणि एकदाही हिशोब ऐकला नव्हता. खजिनदार "किरकोळ व चहापाणी, रुपये अकराशे चाळीस" असे म्हणून पुढे जाऊ लागले, तोच त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "जरा थांबा. किरकोळ किती नि चहा किती, ते निरनिराळं वाचा."